वळवाआधीची झाडलोट : पार्किंग, गॅरेज आणि गोदामांच्या पाण्याविषयी वाचकांचे प्रश्न

पार्किंगच्या, गॅरेजच्या आणि उघड्यावर माल ठेवण्याच्या जागांवरून वाहून जाणारे पावसाचे पाणी स्वच्छ कसे राखावे, याविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. बहुतेकांनी पाणी गाळण्याच्या यंत्रणेची चौकशी केली आहे. माझी उत्तरे मात्र पुष्कळदा झाडू, छप्पर आणि उंबरा यांच्याभोवतीच फिरतील, कारण पावसाचे पाणी एकदा तेलात किंवा खतात मिसळले की ते वेगळे करण्याचा खर्च हा ते मिसळू न देण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेत स्टिल्टखाली (इमारतीच्या तळाच्या खांबांमधल्या जागेत) आणि मागच्या मोकळ्या अंगणात मिळून बऱ्याच गाड्या उभ्या राहतात. आम्ही पर्जन्यजल पुनर्भरण केले असून गच्चीच्या पाण्याबरोबर अंगणातले पाणीही खडी-वाळूच्या खड्ड्यातून बोअरवेलमध्ये सोडले आहे. काही सभासदांचा त्याला आक्षेप आहे. तो योग्य आहे का? — सचिव, गृहनिर्माण संस्था, पुणे

आक्षेप अगदी रास्त आहे. अंगणाचे पाणी बोअरवेलपासून तोडावे आणि तेही येत्या पावसाआधी तोडावे. गच्चीचे पाणी आणि गाड्या उभ्या राहतात त्या जागेचे पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत, आणि पुनर्भरणाच्या उत्साहात ही गोष्ट सर्रास विसरली जाते.

गच्चीवर धूळ असते, पालापाचोळा असतो, पक्ष्यांची विष्ठा असते. पहिल्या एकदोन सरींचे पाणी बाहेर सोडून दिले आणि टाकी-खड्डा साफ ठेवला तर ते पाणी जमिनीत घालायला हरकत नाही. पार्किंगच्या जागेवर मात्र इंजिन ऑइलचे थेंब, डिझेल-पेट्रोलचे अंश, ब्रेक पॅड झिजून पडणारी तांब्याची बारीक पूड, टायरच्या रबराचा जस्तयुक्त चुरा आणि बॅटरीच्या आम्लाचे डाग साठत जातात. खडी आणि वाळू यांनी गाळ अडतो, पाण्यात विरघळलेले इंधनाचे घटक अडत नाहीत. त्यातच पुण्याच्या पोटात बेसॉल्टचा खडक आहे. या खडकात पाणी वाळूच्या थरातल्यासारखे सावकाश झिरपत नाही, ते भेगांतून आणि सांध्यांतून सरळ पुढे सरकते. त्यामुळे तुमच्या बोअरमध्ये घातलेले पाणी शेजारच्या संस्थेच्या बोअरमधून वर येण्याची शक्यता असते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) खनिज तेलाची मर्यादा लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. बोअरचे पाणी कोणी पीत नाही, असे उत्तर सभेत हमखास दिले जाते. पण उन्हाळ्यात टँकर मिळेनासा झाला की तेच पाणी स्वयंपाकघरात येते.

अंगणाचे पाणी मग न्यायचे कुठे? तर पावसाळी वाहिनीत, पण तेल अडवून. वाहिनीला मिळण्यापूर्वीच्या शेवटच्या चेंबरमध्ये बाहेर जाणाऱ्या पाइपला खाली तोंड करून एल्बो (काटकोनी जोड) बसवावा आणि त्याचे तोंड पाण्याच्या पातळीखाली किमान फूटभर राहील असे पाहावे. तेल तरंगते, गाळ तळाला बसतो आणि मधले पाणी तेवढे बाहेर जाते. हे काम कोणताही चांगला प्लंबर एका दिवसात करून देऊ शकतो. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. अशा चेंबरमध्ये पाणी कायम साचून राहते, त्यामुळे झाकण घट्ट आणि फटींना बारीक जाळी नसेल तर डासांची पैदास होऊन प्रदूषण टाळण्याच्या नादात डेंग्यूला घरी आणल्यासारखे होईल. दुसरे असे, की त्या चेंबरमध्ये साबणाचे पाणी कधीही जाऊ देऊ नये. साबणामुळे तेलाचे इतके सूक्ष्म कण होतात की ते वर येतच नाहीत आणि चेंबर असून नसल्यासारखा होतो.

यातूनच गाड्या धुण्याचा मुद्दा येतो. स्टिल्टखाली पाऊस येत नाही. तेव्हा गाड्या तिथेच, एका ठरवून दिलेल्या कोपऱ्यात, नळीऐवजी बादली-फडक्याने पुसाव्यात आणि त्या कोपऱ्याचे पाणी मैलापाण्याच्या वाहिनीला जोडावे. उघड्या अंगणाचे पाणी मात्र मैलापाण्याच्या वाहिनीला कधीही जोडू नये. पाचशे चौरस मीटर अंगणावर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी ५०० लिटर पाणी होते. जोराच्या सरीत हे सगळे पाणी संस्थेच्या एसटीपीत (मैलापाणी शुद्धीकरण यंत्रणेत) शिरले तर त्यातले जिवाणू वाहून जातील आणि मैला चेंबरमधून उसळून वर येईल.

वर्षातले सर्वांत घाण पाणी कोणते, हेही सभासदांना सांगावे. ते जुलैतल्या मुसळधारेचे नव्हे, तर एप्रिल-मे महिन्यांतल्या वळवाचे असते. सहा-सात महिन्यांची कोरडी घाण जमिनीवर बसलेली असते, वळवाची एक सर ती उचलून नेते आणि त्या वेळी ओढ्या-नाल्यांत तिला पातळ करायला पुरेसे पाणीच नसते. म्हणून जूनमध्ये नालेसफाईच्या बातम्या येऊ लागल्यावर जागे होण्यात अर्थ नाही. मार्च सरता सरता अंगण एकदा नीट झाडून घ्यावे. तेलाच्या डागांवर लाकडाचा भुसा टाकून, बुटाने रगडून, रात्रभर ठेवून तो सकाळी गोळा करावा. भुसा ओल्या कचऱ्यात किंवा शेकोटीत जाऊ न देता वेगळा बांधून, घरगुती घातक कचरा म्हणून द्यावा. ज्या गाडीखाली रोज नवा डाग पडतो तिच्या मालकाला लेखी कळवावे आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडीखाली पसरट ट्रे ठेवायला लावावा. पाण्याच्या फवाऱ्याने अंगण धुऊन काढले की ते स्वच्छ दिसते, परंतु त्यात घाण फक्त आपल्या दारातून नाल्यात ढकललेली असते.

प्रश्न : माझे रस्त्यालगत दुचाकी-चारचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. समोरच नाला आहे. खर्च फार न करता काय करता येईल? — गॅरेजमालक, सांगली

खर्चाचे काम एकच : शटरच्या रेषेत सिमेंटचा दोन-तीन इंचांचा उतरता उंबरा घालून घ्या. गाडी सहज आत येईल, पण आत सांडलेले बाहेर जाणार नाही आणि रस्त्यावरचे पावसाचे पाणी आत येणार नाही. उरलेले सगळे सवयीचे काम आहे.

काळे तेल काढण्यासाठी फुटक्या घमेल्याऐवजी काठ असलेला रुंद ट्रे घ्या. जुना ऑइल फिल्टर लगेच भंगारात टाकू नका, त्यात बरेच तेल अडकलेले असते. भोक खाली करून तो रात्रभर जाळीवर ठेवला की ते डब्यात उतरते. सुटे भाग रॉकेल-डिझेलने धुता ते टपात धुवा आणि टप झाकून ठेवा. गाळ तळाला बसला की वरचे निवळलेले पुन्हा वापरता येते, तेवढेच पैसेही वाचतात. रेडिएटरमधला रंगीत कूलंट गटारात सोडू नका. त्यातल्या ग्लायकॉलची चव गोड असते, त्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. बॅटरीचे आम्ल सांडले तर पाणी ओतण्याआधी त्यावर खाण्याचा सोडा टाका, फसफसणे थांबले की मगच गोळा करा.

आता काळ्या तेलाविषयी. सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतण्याच्या साच्याच्या) फळ्यांना लावायला किंवा भट्टीत जाळायला ते विकत घेणारे लोक गावोगाव आहेत आणि भावही देतात, हे मला ठाऊक आहे. परंतु २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले तेल घातक कचऱ्याच्या यादीत आहे आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. १ एप्रिल २०२४ पासून वंगणतेल तयार करणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा होण्याची जबाबदारी टाकलेली आहे. तेव्हा आपल्या भागातल्या ऑइल वितरकाकडे संकलनाची चौकशी जरूर करा. फळ्यांना लावलेले तेल पहिल्या पावसात कुठे जाते, हे आपणच पाहिले असेल.

प्रश्न : आमच्या शहरात रस्त्याकडेच्या पावसाळी जाळ्यांजवळ माशाचे चित्र आणि ‘येथे काही टाकू नका, हे पाणी खाडीत जाते’ अशी सूचना असते. भारतात असताना मला वाटे की गटारात गेलेले सगळे पाणी कुठेतरी शुद्ध होते. तिकडची स्थिती काय आहे? — वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

बहुतेकांचा तोच समज असतो. तुमच्या सॅन होजेत पावसाळी वाहिनी आणि मैलावाहिनी वेगळ्या आहेत, त्यामुळे जाळीत गेलेले पाणी कोणत्याही शुद्धीकरणाशिवाय ओहोळांतून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीला मिळते. गंमत अशी, की शेजारच्या सॅन फ्रान्सिस्को शहराच्या बहुतेक भागात दोन्ही पाणी एकाच वाहिनीतून शुद्धीकरण केंद्रात जातात. तिथे मुसळधार पावसात वाहिनी तुडुंब भरून वाहण्याची वेगळी डोकेदुखी आहे.

मुंबईतही पर्जन्यजलवाहिन्या मैलावाहिन्यांपासून वेगळ्या असून त्या नाल्यांतून, मिठीसारख्या नदीतून आणि पातमुखांवाटे (वाहिन्यांच्या समुद्राकडच्या तोंडांवाटे) सरळ समुद्रात जातात. इंग्रजी अमदानीत बांधलेली जुनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून पंप आणि रुंदीकरण यांवर पुष्कळ पैसा गेला. पाणी किती, याचाच हिशेब तिथे झाला. पाण्यात काय आहे, हा प्रश्न मागेच राहिला. अमेरिकेत १९८७ मध्ये स्वच्छ पाणी कायद्यात दुरुस्ती होऊन १९९० पासून भंगारवाड्यांसह अनेक उद्योगांना पावसाळी पाण्यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडेही ते करायला हवे, असे माझे मत आहे. तिथेही सगळे सुटले आहे असे नव्हे : टायर टिकावे म्हणून रबरात घालतात त्या रसायनापासून रस्त्यावर तयार होणारा पदार्थ कोहो सामन माशांना मारतो, हे वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांना २०२० मध्ये उमगले. माशांचे चित्र अगदी योग्य जागी आहे.

प्रश्न : आमचा लहान इंजिनिअरिंग कारखाना आहे. मागच्या मोकळ्या जागेत कटिंग ऑइलची (धातू कापताना वापरायच्या तेलाची) पिंपे, लेथवरचा लोखंडी चुरा आणि जुने सुटे भाग ठेवतो. पावसाळ्यात कंपाउंडबाहेर जाणारे पाणी दुधाळ दिसते आणि शेजारचा शेतकरी तक्रार करतो. प्रक्रिया यंत्रणा बसवावी का? — लघुउद्योजक, नाशिक

इतक्यात नको. आधी यंत्रणेला काही कामच उरणार नाही अशी व्यवस्था करा. दुधाळपणा हा बहुधा कूलंटचा, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या कटिंग ऑइलचा आहे. ते चुऱ्याला चिकटून बाहेर येते. चुऱ्याची पेटी छपराखाली, किंचित तिरपी ठेवा, खालच्या कोपऱ्याला भोक पाडून त्याखाली डबा ठेवा; एक-दोन दिवसांत बरेच कूलंट निथळते आणि गाळून मशीनमध्ये पुन्हा वापरता येते. निथळलेल्या भंगाराला वजनात थोडे कमी पैसे मिळतील, हे खरे आहे. शेतकऱ्याशी वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

पिंपांकडे जरा बारकाईने पाहू. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या वरच्या पत्र्याला कडेने काठ असतो, त्यात पावसाचे पाणी साचते आणि बूच त्या पाण्यात बुडलेले राहते. दिवसा उन्हाने पिंप तापते, आतली हवा प्रसरण पावून बुचाच्या आट्यांतून बाहेर जाते; रात्री ते थंड झाले की आत ओढ निर्माण होते आणि साचलेले पाणी बुचातून आत खेचले जाते. नवे, सीलबंद तेल काही आठवड्यांनी पाणी झालेले निघते आणि पुरवठादाराला दोष दिला जातो. पाणी जड असल्याने ते तळाला बसते, आतून पत्रा गंजतो आणि एके दिवशी तळच फुटतो. छप्पर करणे खरोखरच शक्य नसेल तर पिंपे आडवी ठेवा आणि दोन्ही बुचे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील अशी फिरवा, म्हणजे बुचांवर पाणी साचणार नाही आणि आतून तेल असल्याने हवेची ये-जा होणार नाही. छप्पर केले तर ते कठड्याच्या बाहेर पुरेसे पुढे काढा, कारण आपल्याकडचा पाऊस सरळ क्वचितच पडतो.

पिंपांखाली कठडा असलेला कोब्याचा ओटा हवा. सर्वांत मोठ्या पिंपाच्या ११० टक्के द्रव त्यात मावावा, असा प्रघात आहे; २१० लिटरच्या पिंपासाठी ते २३१ लिटर होतात. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद ओट्याला १५ सेंटिमीटरचा कठडा घातला आणि त्यात चार पिंपे उभी केली, तरी त्यांनी अडवलेली जागा वजा जाता चारशे लिटरच्या वर द्रव मावतो. म्हणजे दोन-तीन थर विटांचे काम आहे. अशा ओट्याला पाणी काढायला वॉल्व्ह ठेवतात आणि बहुतेक ठिकाणी मी तो कायम उघडा पाहतो, कारण पाणी साचले की कामगाराला ते काढत बसावे लागते. वॉल्व्ह बंद ठेवून त्याला कुलूप लावा, किल्ली एका नेमलेल्या माणसाकडे द्या आणि साचलेल्या पाण्यावर तवंग नाही हे पाहिल्यावरच ते सोडा. खरे सांगायचे तर छपराखालच्या ओट्याला वॉल्व्हची गरजच नसते.

शेजारच्या प्लॉटवरून आपल्या यार्डात येणारे स्वच्छ पाणी वरच्या कडेलाच चर काढून वळवा, म्हणजे घाणीशी गाठ पडणारे पाणीच कमी होईल. घातक कचऱ्यात मोडणारे तेल आणि तेलकट गाळ ९० दिवसांहून अधिक काळ आवारात ठेवू नका. १९७४ च्या पाणी कायद्यातील कलम २४ नुसार प्रदूषक द्रव्य जाणूनबुजून ओढ्यात, विहिरीत, मैलावाहिनीत किंवा जमिनीवर जाऊ देण्यास मनाई आहे. ‘ते पावसाने वाहून गेले’ ही सबब उघड्यावर ठेवलेल्या पिंपांच्या बाबतीत टिकेल, यावर मी विसंबून राहणार नाही. जमिनीवरील जलस्रोतात सोडण्याच्या पाण्यात तेल व ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे. एवढे सगळे केल्यावर पावसाच्या पहिल्या अर्ध्या तासातले पाणी स्वच्छ काचेच्या बरणीत धरा, प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि आकडा त्यावर गेला तरच यंत्रणेचे दरपत्रक मागवा.

प्रश्न : आमच्या कृषी सेवा केंद्रात हंगामाच्या तोंडावर गोदाम भरते आणि युरियाच्या गोण्या अंगणात ताडपत्रीखाली ठेवाव्या लागतात. थोडेफार खत पाण्याबरोबर गेले तर ते शेवटी शेतालाच मिळते, मग प्रदूषण कसले? — खतविक्रेते, लातूर जिल्हा

ते शेतालाच मिळाले असते तर मला काहीच म्हणायचे नव्हते. ते मिळते गावच्या विहिरीला. हिशेब करून पाहा. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २०.७ किलो. त्या सगळ्याचे नायट्रेट झाले तर ते ९१ किलोंच्या पुढे भरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. याचा अर्थ एका गोणीतला युरिया सुमारे २० लाख लिटर स्वच्छ पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊ शकतो, आणि अंगणात सांडलेला एक किलोही ४५ हजार लिटरला पुरतो. सगळा युरिया पाण्यात पोहोचत नाही हे मान्य. पण तान्ह्या बाळाच्या दुधाची पावडर कालवायला वापरलेल्या पाण्यात नायट्रेट जास्त झाले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटून बाळ निळे पडू शकते.

ताडपत्री वरून पाऊस अडवते, खालून वाहत येणारे पाणी अडवत नाही. गोण्या लाकडी फळ्यांवर, जोत्यासारख्या उंच जागेवर रचा आणि ताडपत्रीची कडा जोत्याच्या बाहेर लोंबती ठेवा. सांडणे होते ते मुख्यतः ट्रक उतरवताना, हमालांच्या आकड्याने गोणी फाटते तेव्हा. आकडे बंद करा, फाटलेल्या गोणीसाठी रिकामी गोणी आणि दाभण-सुतळी जवळ ठेवा, आणि प्रत्येक ट्रकनंतर अंगण कोरडेच झाडा. झाडून मिळालेले खत आपल्याच शेतात टाकता येईल. कीटकनाशके मात्र एक दिवससुद्धा उघड्यावर नकोत. त्यासाठी गोदामातली जागा आधी मोकळी करा, युरिया नंतर.

प्रश्न : शाळेजवळच्या ओहोळावर पावसाळ्यात इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो. वरच्या अंगाला वाहनतळ आहे, पण तिथले लोक म्हणतात की तेल त्यांचे नाही. कसे ओळखावे? — शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

काडीने तवंग ढवळून पाहा. तो फुटून त्याचे कोपरेदार तुकडे झाले आणि ते वेगळेच राहिले, तर बहुधा तो लोहजिवाणूंचा आहे. जांभ्याच्या लोहयुक्त जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यावर तो आपसूक तयार होतो, त्याखाली तांबूस साका असतो आणि त्याने काही बिघडत नाही. काडी काढताच तो पुन्हा जुळून आला, पसरला आणि त्याला डिझेल-पेट्रोलचा वास आला, तर ते तेल आहे. तसे असल्यास पाऊस सुरू असताना ओहोळाच्या काठाने वर चालत जा आणि प्रत्येक मिळत्या गटाराच्या तोंडाशी हीच परीक्षा करा. ज्या तोंडाच्या वर तवंग नाही आणि खाली आहे, तिथला फोटो तारीख-वेळेसह काढून ग्रामपंचायतीला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी अर्जासोबत द्या. मुलांना बरोबर न्यायचे असेल तर पाऊस ओसरल्यावरच न्या.